बर्फ वितळताना उष्णता जाते कुठे? अवस्थांतर आणि गारव्याचा हिशेब

कुतूहल (धागालेखक)

अप्रकट उष्मा, म्हणजे अवस्थांतरात (पदार्थ वितळताना किंवा त्याची वाफ होताना) तापमान न वाढवता शोषली जाणारी उष्णता, शाळेत सगळेच शिकतात, परीक्षेपुरती दोन गणितं सोडवतात आणि पुढे तो विषय मागे पडतो. मला मात्र तो पदार्थविज्ञानातल्या सर्वांत सुंदर विषयांपैकी एक वाटतो. गार करण्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या त्याच्यावरच उभ्या आहेत: घाम, फ्रिज, एसी, लॅपटॉपमधली तांब्याची नळी. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की एखादी वस्तू किती थंड आहे यावरून ती किती गार करील हे ठरत नाही. तिच्यातलं किती द्रव्य वितळणार, उकळणार किंवा वाफ होऊन उडून जाणार आहे, त्यावर ते ठरतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये. तोवर समजूत अशी होती की बर्फ एकदा वितळण्याच्या तापमानाला पोचला की पुढे जराशा उष्णतेनं सगळाच वितळतो. ब्लॅक यांचा सवाल साधा होता. तसं असतं तर वसंतात ऊन तापताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन महापूर आले असते. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकतो.

मग त्यांनी दोन सारखे काचेचे चंबू घेतले. दोन्हींत सारखंच पाणी, एकातलं गोठवलेलं आणि दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या (३२ अंश फॅरनहाइट) किंचित वर, ३३ अंशांना. दोन्ही एकाच मोठ्या दालनात टांगले. पाण्याचा चंबू अर्ध्या तासात ४० अंशांवर गेला, म्हणजे ७ अंश चढला. बर्फाच्या चंबूला त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. दोन्ही चंबू हवेतून सारख्याच वेगानं उष्णता घेत होते असं धरलं, तर बर्फाच्या चंबूत तेवढंच पाणी १४७ अंशांनी तापवण्याइतकी उष्णता शिरली, आणि थर्मामीटरवर दिसले फक्त ८ अंश, ३२ वरून ४०. उरलेले १३९ अंश नुसत्या वितळण्यात खर्ची पडले. आजच्या मोजमापानुसार हा आकडा १४४ च्या जवळ येतो. हातात थर्मामीटर आणि घड्याळ सोडून काही नसताना एवढ्या जवळ पोचणं मला अजूनही थक्क करतं.

आजच्या एककांत सांगायचं तर (इथून पुढचे अंश सेल्सिअस) शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पुढे ० वरून २० अंशांवर न्यायला फक्त ८४. आणि १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला तब्बल २२५७. उणे १८ अंशांचा बर्फ फ्रीझरमधून काढला, तर शून्यापर्यंत येताना तो जेमतेम ३८ किलोज्यूल शोषतो. तेव्हा बर्फ अधिक थंड करत बसण्यापेक्षा थोडा जास्त बर्फ घेतलेला बरा.

---

काजवा

ब्लॅक यांचा प्रयोग माहीत नव्हता, वाचून फार आनंद झाला. पण मूळ प्रश्न राहिलाच. ती १३९ अंशांची उष्णता गेली कुठे? तापमान वाढलं नाही म्हणजे ऊर्जा नाहीशी तर झाली नसेल ना?

---

कुतूहल

नाहीशी होत नाही. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीचं माप. उष्णता दिली की रेणू जोरात हलतात आणि पारा चढतो. बर्फात प्रत्येक पाण्याचा रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो. वितळताना येणारी उष्णता रेणूंची गती वाढवण्यात खर्च होत नाही, ती ही पकड सैल करण्यात जाते. गती तेवढीच, म्हणून तापमानही तेवढंच.

वितळताना त्यातले थोडेच बंध तुटतात. पाण्यातले रेणू एकमेकांना धरूनच असतात, फक्त जोड्या सतत बदलत राहतात. वाफ होताना मात्र प्रत्येक रेणूला सगळ्यांपासून सुटून जावं लागतं. ३३४ आणि २२५७ या आकड्यांतली तफावत त्यातूनच येते.

ही उष्णता परतही मिळते, अगदी तितकीच. वाफेचं पाणी झालं की २२५७ बाहेर पडतात, पाण्याचा बर्फ झाला की ३३४. वाफेनं भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा भयंकर असतं ते याचमुळे. १ ग्रॅम उकळतं पाणी त्वचेच्या तापमानाला येताना सुमारे २६५ ज्यूल देतं. १ ग्रॅम वाफ आधी त्वचेवर पाणी होते आणि एकूण अडीच हजार ज्यूल देऊन जाते.

---

गणिती

लेख उत्तम, पण एका विधानाला माझा विरोध आहे. 'किती थंड आहे यावर ठरत नाही' हे असं सरसकट म्हणता येणार नाही. उष्णता वाहण्याचा वेग तापमानातल्या फरकावरच ठरतो. न्यूटनचा शीतनाचा नियम तेच सांगतो. ३० अंशांच्या वस्तूला उणे १८ चा पृष्ठभाग लावला तर शून्याच्या पृष्ठभागापेक्षा ती वेगानं गार होणार. तेव्हा 'किती उष्णता शोषली जाईल' आणि 'किती लवकर शोषली जाईल' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

---

कुतूहल

गणिती, हा भेद महत्त्वाचा आहे, आणि अवस्थांतराची खरी करामत तिथेच दिसते. शून्य अंशाचं नुसतं पाणी वापरलं तर उष्णता घेता घेता ते स्वतः तापतं. ५ अंश, १० अंश, मग फरक कमी आणि वेगही कमी. वितळणारा बर्फ मात्र शेवटचा तुकडा संपेपर्यंत शून्यालाच राहतो. म्हणजे तुम्ही म्हणता तो फरक टिकवून धरण्याचं कामही अवस्थांतरच करतं. अट एकच, वितळलेलं पाणी हलतं राहिलं पाहिजे. नाहीतर बर्फाभोवती कोमट पाण्याचा थर साचतो.

---

अवकाशवेडा

'किती थंड' आणि 'किती गार करील' यातला फरक दाखवणारं माझं आवडतं उदाहरण द्रवरूप नायट्रोजनचं आहे. उणे १९६ अंश! ऐकूनच वाटतं की याच्यापुढे बर्फ काय टिकणार. आता हिशेब करू. त्याची बाष्पीभवनाची अप्रकट उष्मा किलोमागे १९९ किलोज्यूल. पुढे तो वायू उणे १९६ वरून २० अंशांपर्यंत तापताना आणखी साधारण २२५ घेतो. एकूण ४२४ च्या आसपास.

शून्य अंशाचा १ किलो बर्फ वितळून २० अंशांचं पाणी होताना घेतो ३३४ + ८४ = ४१८.

जवळजवळ बरोबरी! नायट्रोजन वापरायचा तो झपाट्यासाठी आणि अतिशीत तापमानासाठी. किलोमागे शोषायच्या उष्णतेत साधा बर्फ त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे.

कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, या दोघांच्या पुढे जातो. उणे ७८.५ अंशांना तो द्रव न होता थेट वायू होतो आणि त्या संप्लवनात किलोमागे ५७१ किलोज्यूल घेतो. मात्र बंद खोलीत किंवा बंद गाडीत तो ठेवू नका. वायू साचून गुदमरायला होतं, आणि घट्ट झाकणाचा डबा फुटू शकतो.

---

शीतयंत्री

मी फ्रिज-एसी दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून यंत्राची बाजू मांडतो.

लोकांना वाटतं कॉम्प्रेसर थंडी तयार करतो. थंडी कोणीच तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची, एवढंच काम. आणि ती उचलतो उकळणारा गॅस. आम्ही सगळेच 'गॅस' म्हणतो, पण कामाचा असतो तो त्यातला द्रव. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या वेटोळ्या नळीत (कॉइल) दाब कमी असतो, म्हणून शीतक (हाच तो 'गॅस') तिथे थंडीतही उकळतं. उकळायला लागणारी उष्णता ते आतल्या हवेतून घेतं. कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो. दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वर जातं, मग तीच वाफ मागच्या कंडेन्सरमध्ये खोलीच्या हवेतसुद्धा पुन्हा द्रव होते आणि घेतलेली सगळी उष्णता तिथे सोडते. नंतर कॅपिलरी (एक बारीक नळी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू. कल्पना जुनीच आहे. ब्लॅक यांचे गुरू विल्यम कलन यांनी १७५० च्या दशकातच हवा उपसून ईथर कमी दाबाखाली उकळवलं होतं आणि त्यातून बर्फ मिळवला होता.

आता कामातली गोष्ट. गॅस कमी असेल तर काय होतं? इव्हॅपोरेटरच्या सुरुवातीच्या वेढ्यांतच सगळा द्रव उकळून संपतो. पुढच्या नळीत नुसती वाफ. ती थंड असते, पण थंड वाफ किती उष्णता घेणार? फारच थोडी. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवर दव गोठलेलं आणि बाकीची कॉइल कोरडी दिसली की आमचं पहिलं लक्ष गळतीकडे जातं. धाग्यातलं मुख्य विधान त्या कॉइलवर डोळ्यांनी दिसतं: जिथे उकळणं चालू, तिथेच गारवा.

उलटं टोकही वाईट. गॅस जास्त भरला तर सगळा द्रव उकळत नाही, उरलेला कॉम्प्रेसरकडे जातो. द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्ह मोडतात. म्हणून एसीसारख्या यंत्रांत इव्हॅपोरेटरच्या शेवटी वाफ उकळबिंदूच्या थोडी वर, साधारण ५ अंश तरी तापलेली असावी असं पाहतात. त्याला आम्ही सुपरहीट म्हणतो.

शीतकाची निवडही अप्रकट उष्म्याशी जोडलेली आहे. अमोनियाची किलोमागे सुमारे १३७० किलोज्यूल, आर-१३४ए या फ्रिजमधल्या शीतकाची फक्त २१७ च्या आसपास. मोठ्या शीतगृहांत अमोनिया विषारी असूनही टिकून आहे, त्याचं हे एक मोठं कारण. थोडं द्रव्य फिरवून भरपूर उष्णता उचलता येते.

---

काजवा

शीतयंत्री, फार सोपं करून सांगितलंत. मग फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होणार नाही ना?

---

शीतयंत्री

नाही, उलट तापेल. आतून उचललेली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत पडते, वर कॉम्प्रेसर खातो ती वीजही उष्णता होऊनच बाहेर येते.

आणि एसीच्या 'टन' या मापाबद्दल: एसीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या दरानं उष्णता शोषील, तो दर म्हणजे १ टन. सुमारे ३.५ किलोवॉट. बर्फाच्या लाद्यांनी गारवा मोजण्याच्या काळापासून हे माप चालत आलंय.

---

दवबिंदू

एसीच्या बाबतीत एक भर. एसीच्या नळीतून जे पाणी टपकतं, ते फुकट आलेलं नसतं. हवेतल्या वाफेचं थंड कॉइलवर पाणी होतं तेव्हा ती आपली उष्णता कॉइलला देते, लिटरमागे साधारण २.४ मेगाज्यूल. तासाला १ लिटर पाणी निघत असेल तर जवळपास ०.७ किलोवॉट एवढी क्षमता नुसती वाफेचं पाणी करण्यात जाते. १ टनाच्या यंत्राचा हा पाचवा हिस्सा झाला, आणि एवढ्यानं खोलीचं तापमान एक अंशही उतरलेलं नसतं. दमट दिवशी एसी 'चालत नाही' ही तक्रार पुष्कळदा यातून येते. यंत्र राबत असतं, पण पाणी काढण्यात. तरीही हे काम वाया जात नाही, कारण कोरड्या हवेत आपला घाम सुकतो.

कूलर याच्या नेमका उलटा. तो पाणी हवेत सोडतो. पाण्याची वाफ व्हायला १०० अंश लागत नाहीत, ३० अंशांनाही ती होत राहते, आणि तेव्हा किलोमागे २४३० किलोज्यूल घेते. १०० ग्रॅम पाण्यातलं फक्त १ ग्रॅम उडालं आणि बाहेरून उष्णता आली नाही, तर उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी गार होतं.

याला मर्यादा आहे ती हवेतल्या आर्द्रतेची. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर पारा जिथे थांबतो, ते 'ओल्या फुग्याचं तापमान'. बाष्पीभवनानं त्याखाली जाता येत नाही. हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर हे तापमान २३ अंशांच्या आसपास असतं. त्याच ४० अंशांना आर्द्रता ७० टक्के झाली की ते ३५ च्या जवळ जातं. पहिल्या हवेत कूलर उत्तम, दुसरीत निरुपयोगी.

---

शुश्रूषा

दवबिंदूंचा ३५ चा आकडा माझ्या क्षेत्रात, म्हणजे आरोग्यसेवेत, फार गंभीरपणे घेतला जातो. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. ओल्या फुग्याचं तापमान तिथे पोचलं की कितीही घाम आला तरी तो शरीराची उष्णता बाहेर नेऊ शकत नाही. २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या संशोधकांनी ही माणसाच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा म्हणून मांडली. पुढे निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगांत शरीराचा तोल दमट हवेत त्याच्या बराच आधी, ३१ अंशांच्या जवळपासच ढळताना दिसला. वृद्ध आणि आजारी माणसांसाठी तर याहूनही कमी धरायला हवं.

१ लिटर घाम त्वचेवर पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. शब्द आहे 'सुकला'. निथळून खाली पडलेला घाम शरीराचं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र नेत नाही म्हटलं तरी चालेल. दमट हवेत काम करणारी माणसं घामानं चिंब दिसतात, म्हणून 'घाम येतोय, काळजी नाही' असं कृपा करून समजू नका. उष्माघात झालेल्या माणसाचं अंग ओलं करून जोरात वारा घालतात तो वाफ होण्यासाठीच. शक्य असेल तिथे थेट बर्फाच्या पाण्यात बसवणं अधिक वेगानं काम करतं, कारण ते हवेतल्या आर्द्रतेवर अवलंबून नसतं.

लसीकरणातली एक गोष्टही इथे शोभेल. बऱ्याच लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात आणि त्यांतल्या काही गोठल्या तर निकामी होतात. फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक थेट लसीशेजारी ठेवला तर तो उणे २० च्या आसपास असतो, लस गोठू शकते. म्हणून पॅक आधी बाहेर ठेवतात, आणि हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत भरतात. आत पाणी आणि बर्फ दोन्ही आहेत, म्हणजे पॅक शून्याला आलाय आणि बर्फ संपेपर्यंत तिथेच राहणार. यात गारव्याचा साठा फारसा कमी होत नाही, धोका मात्र टळतो. कानानं तापमान ओळखायची ही रीत मला फार आवडते.

---

गणिती

शुश्रूषा, हे उदाहरण म्हणजे माझ्या वरच्या आक्षेपाचं उत्तरच आहे. उणे २० ते ० हा भाग ४२ किलोज्यूलचा, वितळण्याचा ३३४ चा. धोकादायक असलेला छोटा भाग सोडून द्यायचा आणि मोठा भाग वापरायचा. पटलं.

---

काजवा

बर्फात मीठ घातलं की तापमान शून्याच्याही खाली जातं, ते कसं? भांडं नीट झाकलेलं असेल तर बाहेरून उष्णता येत नाही. मग बर्फ वितळायला ३३४ आणतो कुठून?

---

कुतूहल

स्वतःकडूनच. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे शून्य अंशाचा बर्फ खाऱ्या पाण्यात टिकू शकत नाही, त्याला वितळावंच लागतं. बाहेरून उष्णता मिळाली नाही की तो ती उरलेल्या बर्फातून आणि खाऱ्या पाण्यातून ओढतो, आणि सगळं मिश्रण गार होत जातं. साध्या मिठानं हे उणे २१ अंशांपर्यंत पोचतं.

पण यात गारव्याचा एकूण साठा वाढलेला नसतो. काही बर्फ आधीच वितळून गेला, त्याच्या मोबदल्यात कमी तापमान मिळालं. गणितींच्या भाषेत, साठ्यातला काही भाग देऊन वेग विकत घेतला.

---

अवकाशवेडा

आणखी दोन ठिकाणं सांगून जातो. लॅपटॉपमधली चपटी तांब्याची नळी भरीव नसते. तिच्यातली हवा काढून थोडंसं पाणी भरलेलं असतं. दाब कमी, म्हणून ते चिपच्या टोकाला ४०-५० अंशांनाही उकळतं, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन पंख्याजवळ पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा मागे ओढलं जातं. एकही हलणारा भाग नाही. ही हीट पाइप १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी विकसित केली.

आणि चंद्रावर चालताना अपोलोच्या अंतराळवीरांना गार कोण ठेवत होतं? बर्फच. पाठीवरच्या संचात एका सच्छिद्र धातूच्या पट्टीत पाणी गोठायचं आणि पोकळीत थेट वाफ होऊन उडून जायचं. बर्फाची थेट वाफ होताना वितळणं आणि उकळणं दोन्ही एकदम, म्हणून किलोमागे २८०० किलोज्यूलहून अधिक. त्यातले ३३४ पाणी गोठताना परत मिळतात, तरी निव्वळ २५०० च्या आसपास उरतात.

---

बागायती

धागा वाचताना वाटलं की सगळे गार करण्याबद्दलच बोलताहेत, तर उलट बाजूही येऊ द्या. कडाक्याच्या थंडीत फळझाडांचा मोहोर वाचवण्यासाठी त्यावर रात्रभर पाण्याचे तुषार मारतात. पाणी कळ्यांवर गोठतं आणि गोठताना ३३४ सोडतं. जोवर वरून पाणी येतंय आणि गोठतंय, तोवर कळी शून्याच्या जवळपास राहते. बाहेर हवा उणे ४ असली तरी.

पण धोका आहे तो वाऱ्याचा. वाऱ्यानं त्यातलं काही पाणी उडून जातं, आणि शून्याच्या आसपास १ ग्रॅम पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं तेवढी भरून काढायला साडेसात ग्रॅम पाणी गोठावं लागतं. कोरड्या वाऱ्यात तुषार कमी पडले, तर झाड काही न करण्यापेक्षा जास्त गार होतं. म्हणून एकदा सुरू केले की पाणी मध्येच तोडायचं नाही. पहाट झाली, ऊन आलं, तरी पाणी चालू ठेवायचं आणि झाडावरचा बर्फ आपोआप सुटून गळायला लागला की मगच बंद करायचं.